सवलतीतले सिगार ऑनलाइन विकण्याची कल्पना मी अडीच महिन्यांत कशी तपासली

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी एक कल्पना तपासायला घेतली आणि जुलै संपता संपता ती सोडून दिली. छोट्या ब्रँडचे सिगार सवलतीच्या दरात ऑनलाइन विकायचे, अशी ती कल्पना होती. फोर्टमधल्या एका कचेरीत नऊ वर्षे आयात-निर्यातीची कागदपत्रे हाताळल्यामुळे बिल ऑफ एंट्री (आयात मालासाठी सीमाशुल्क विभागाकडे भरायचा कागद), सीमाशुल्क हे शब्द माझ्या रोजच्या वापरातले होते आणि त्या ओळखीमुळेच मला गरजेपेक्षा जास्त विश्वास वाटत होता. नव्याने धंद्याचा विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

मूळ प्रेरणा अमेरिकेतली होती. तिथे सवलतीत सिगार विकणारी ऑनलाइन दुकाने अनेक वर्षे चालू आहेत. निकाराग्वातले एस्तेली, होंडुरासमधले दानली, डोमिनिकन प्रजासत्ताकातले सांतियागो अशा शहरांतले छोटे कारखाने मोठ्या ब्रँडइतकाच चांगला माल बनवतात, पण त्यांचे नाव कुणाला माहीत नसते. रंगात थोडा फरक पडलेले सिगार तिथे 'सेकंड्स' म्हणून ब्रँडच्या नावाच्या पट्टीशिवाय विकले जातात, बंद झालेल्या प्रकारांचा उरलेला साठा निम्म्या दरात निघतो आणि खोक्याऐवजी वीस-वीसचे बंडल बांधून खर्च वाचवला जातो. २०१० मध्ये तिथे सिगारेट टपालाने पाठवण्यावर निर्बंध घालणारा कायदा झाला तेव्हा त्यातून सिगार वगळले गेले. घरपोच सिगारचा बाजार तिथे टिकण्यामागे हेही एक मोठे कारण आहे. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. दुसऱ्या देशात चाललेली कल्पना उचलताना ती तिथे कोणत्या कायद्याच्या आधाराने उभी आहे, हे पहिल्याच दिवशी पाहायला हवे होते.

मी मात्र सुरुवात ओळखीच्या लोकांना विचारण्यापासून केली. चौदा जणांशी बोललो, त्यांतल्या अकरा जणांनी “कल्पना मस्त आहे, आम्ही नक्की घेऊ” असे सांगितले आणि मी आठवडाभर आनंदात होतो. मग माझ्या जुन्या साहेबांनी एक साधी गोष्ट सुचवली. “घेशील का” असे विचारू नकोस, शेवटचा सिगार कधी घेतला, कुठून घेतला आणि किती पैसे दिले ते विचार, असे ते म्हणाले. त्याच चौदा जणांना मी पुन्हा फोन केले. वर्षभरात स्वतःच्या पैशाने सिगार विकत घेतलेले तिघेच निघाले. बाकीच्यांना दुबईहून किंवा सिंगापूरहून येणारा मेहुणा, मावसभाऊ किंवा कचेरीतला सहकारी आणून देत होता.

इथे मला खरा स्पर्धक दिसला. तेव्हाच्या, २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २५ सिगार शुल्काशिवाय आणता येत होते. म्हणजे माझ्या संभाव्य गिऱ्हाइकाकडे वर्षातून एकदोनदा २५ सिगारचा एक खोका ड्यूटी-फ्री दराने घरी येत होता आणि तो संपायला त्याला सहा महिने लागत होते. सीमाशुल्क आणि करही भरून मी कितीही सूट दिली, तरी मेहुण्याच्या बॅगेतल्या खोक्याशी माझी बरोबरी होणे अशक्य होते. मुंबईसारख्या शहरात, जिथे अनेकांचे कुणीतरी आखातात असते, तिथे हे मला आधी सुचायला हवे होते.

कायद्याचा भाग मी तिसऱ्या आठवड्यात वाचला आणि हीच माझी सर्वांत मोठी चूक होती. सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायदा, २००३ हा केवळ सिगारेट-गुटख्यापुरता आहे असे पुष्कळांना वाटते, पण त्याच्या अनुसूचीत सिगार आणि चिरूट (दोन्ही टोके कापलेला साधा सिगार) स्वतंत्र नोंदींनी दिलेले आहेत. कलम ५ मध्ये जाहिरातीला बंदी आहे. विक्रीच्या दुकानाच्या दारावर किंवा आत लावायचा फलक आणि वेष्टनावरचा मजकूर एवढाच अपवाद आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा कलम २२ सांगते. कलम ६ प्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्तीला विक्री करता येत नाही. आता घराच्या दारात पार्सल घेणारा मुलगा सोळाचा आहे की एकोणीसचा, हे मी कसे तपासणार होतो? मागणी मोजण्यासाठी मी एका पानाचे संकेतस्थळ तयार करून ठेवले होते. माझा आतेभाऊ वकील आहे, त्याला ते दाखवले तेव्हा त्याने ‘३० टक्के सूट’ या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाला, “ही ओळ म्हणजे जाहिरातच झाली. हे पान टाकू नकोस.” ते पान कधीच प्रसिद्ध झाले नाही. त्याच आठवड्यात मी गूगल आणि मेटा यांची जाहिरात धोरणे वाचली, तर तिथेही तंबाखूला मनाई होती.

पैसे स्वीकारण्याची सोय आणि कुरिअर यांचा निकाल एकाच दुपारी लागला. पेमेंट गेटवेच्या अर्जात न चालणाऱ्या व्यवसायांच्या यादीत तंबाखू स्पष्ट लिहिलेला होता, आणि कुरिअरच्या काउंटरवर मी आत काय आहे ते खरे सांगितल्यावर तिथल्या ताईंनी पार्सल हळूच माझ्याकडे परत सरकवले.

छोट्या ब्रँडचे गणित मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण ते सिगारपुरते नाही. इथे विकायच्या तंबाखूच्या वेष्टनावर पुढच्या-मागच्या मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग आरोग्यविषयक इशाऱ्याने व्यापलेला असावा लागतो. आयात मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि सर्व करांसह किरकोळ किंमत छापावी लागते. मोठ्या ब्रँडचा आयातदार हा खर्च हजारो खोक्यांवर वाटतो. मी एका ब्रँडचे पन्नास खोके आणणार होतो. ब्रँड जितका छोटा, तितका प्रत्येक खोक्यामागचा छपाईचा, परवान्याचा आणि कागदपत्रांचा बोजा मोठा. शिवाय अमेरिकेत सूट निघते ती पडून राहिलेल्या मालावर. इथे पडून राहण्याइतका मालच येत नाही, मग सूट निघणार कुठून? हे कोष्टक मी वहीत मांडले तेव्हा सवलत आणि छोटा ब्रँड हे दोन शब्द एकमेकांना खात होते.

तरीही माल हाताळून पाहिला, याचे समाधान आहे. तमिळनाडूत चिरूट वळण्याचा धंदा जुना आहे. ‘चिरूट’ हा शब्दही तमिळ ‘सुरुट्टु’वरून आला. तिकडचे दहा नग मी मिळवले. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते आणि आमच्या दादरच्या घरातल्या आर्द्रतामापकावर जून संपताना ८६ चा आकडा होता. पाच नग मी आर्द्रता राखणाऱ्या पाकिटासह हवाबंद डब्यात ठेवले आणि पाच तसेच कपाटात, पुठ्ठ्याच्या खोक्यात. एकोणिसाव्या दिवशी खोके उघडले तेव्हा आधी ओल्या गोणपाटासारखा वास आला. वरच्या पानाच्या शिरेलगत राखाडी-पांढरे ठिपके होते. बोटाने पुसले की ते जात, पण खाली पानावर डाग राहत होता आणि एका चिरुटाच्या टोकाशी बुरशी आत शिरलेली होती. डब्यातले पाचही चांगले होते. म्हणजे साठवण जमण्यासारखी होती. पण पावसाळ्यात तीन दिवस वाटेत असणाऱ्या प्रत्येक पार्सलला तसलाच डबा द्यावा लागला असता, आणि त्याचा खर्च कोष्टकात कुठेच नव्हता.

आज कुणी विचारले, तर मी क्रम उलटा लावायला सांगेन. पहिल्या दिवशी कायदा वाचावा, दुसऱ्या दिवशी पैसे कसे येतील आणि माल कसा जाईल हे त्या त्या काउंटरवर जाऊन विचारावे, मग लोकांशी बोलावे, आणि माल सर्वांत शेवटी घ्यावा. पहिल्या दोन दिवसांना एक पैसाही लागत नाही. माझे एकंदर ८,६०० रुपये गेले, त्यांतले बहुतेक मी घाईने आधी केलेल्या कामांवर.

एक तपासणी कोष्टकात बसणारी नव्हती. आमच्या घराजवळच, दादरला, गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा मेमोरियलमध्ये उपचारांसाठी गावोगावाहून आलेले कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक तिथे उतरतात. मी लहानपणापासून त्या फाटकावरून जातो. बुरशीचे खोके पाहून आई म्हणाली, “हा धंदा चालला, तर तू पाच वर्षे रोज तिथून जाणार आहेस. ते चालेल का तुला?” ती रागावली नव्हती, खरेच विचारत होती. माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि अडीच महिन्यांत हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता, याचे मला फार वाईट वाटले.

जुलैच्या शेवटच्या शनिवारी मी वहीत खर्चाची बेरीज करून खाली तारीख घातली आणि संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण करणार नसल्याचे आतेभावाला कळवले.