कॉलेजात कॅरोल सर्विस (नाताळची गाणी अन् बायबलची वाचनं) करायची? मग आधी तिचं गॅदरिंग होऊ देऊ नका

आपल्याकडं मराठवाड्यात विद्यापीठाच्या परीक्षा डिसेंबरपर्यंत लोंबकळतात, त्यामुळं डिसेंबर लागल्यावर बघू म्हणाल तर कॉयरमधी (गाणाऱ्या गटात) अर्धीच पोरं उरतील. दिवाळीची सुट्टी संपली की प्रॅक्टिस चालू करा अन् सर्विस २० तारखेच्या आत उरका, नंतर ख्रिस्ती पोरं आपापल्या चर्चच्या नाताळात अडकतात आणि होस्टेलवाले गावी पळतात.

क्रमासाठी डोकं चालवायची गरज नाही. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात १९१८ पासून चालत आलेला साचा आहे, बायबलची नऊ वाचनं अन् मधीमधी गाणी. तिथं वाचणारे कॉयरमधल्या लहान पोरापासून चढत जातात अन् शेवटी कॉलेजचे प्रमुख येतात, हे मला लई आवडतं, जसंच्या तसं उचला. आधी फर्स्ट इयरची पोरगी, मग शिपाई मामा, लायब्ररीच्या मॅडम, एखादे सर, शेवटी प्राचार्य. नऊ लांबतात, पाच बास: आदाम-हव्वा, यशयाचं भाकीत, मरियेला देवदूताचा निरोप, मेंढपाळ, अन् योहानाचा पहिला अध्याय. वाचन मराठीत ठेवा. प्राचार्यांना आधीच गोडीत सांगा की सर फक्त वाचायचंय, मनोगत नाही. हारतुरे, सत्कार, शेरोशायरीवाला निवेदक काहून पाहिजे? क्रम छापून हातात द्या आणि टाळ्या शेवटीच हे त्यावरच लिहा.

सुरुवात किंग्जसारखी करा, हॉल अंधारात, पेटी-कीबोर्ड काही नाही, पहिल्या गाण्याचं पहिलं कडवं एकच आवाज. तिथं कोण गाणार ते ऐनवेळी ठरतं म्हणजे पोरगं आधीपासून घाबरत नाही. तुम्ही पण तिघं तयार ठेवा, थंडीत आवाज कधी बसेल सांगता येत नाही.

आता पट्टी, इथंच बहुतेक कॉयर मार खातात. सायलेंट नाइट हे नाताळचं गाणं सोपं वाटतं पण ते खालच्या सा पासून वरच्या सप्तकातल्या म पर्यंत जातं, म्हणून पेटीची काळी दोन सा धरली की शेवटच्या ओळीत मुली किंचाळतात अन् मुलं गप्प होतात, काळी पाचचा सा धरा, सगळ्यांना झेपतं. १८१८ मधी ऑस्ट्रियातल्या एका गावात ते पहिल्यांदा गायलं गेलं तेव्हा साथीला गिटार होती, त्यामुळं ऑर्गन नाही म्हणून रडू नका. निम्मी गाणी मराठी घ्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर हॉलमधले सगळे उचलतात, कुठल्याही धर्माचे असोत. हँडेलच्या हॅलेलुया कोरसचा, म्हणजे मोठ्या कॉयरच्या गाण्याचा, मोह मात्र आवरा, पंधरा-वीस आवाजात ते हडकुळं वाटतं.

मेणबत्त्या शेवटच्या गाण्यालाच. कागदी कपाच्या बुडाला भोक पाडून त्यात खोचा म्हणजे मेण हातावर सांडत नाही, ओढण्या पिनअप करा, दाराशी पाण्याची बादली ठेवा. पेटलेली मेणबत्ती सरळच धरायची, विझलेली वाकवून पेटवून घ्यायची, हे एकदा करून दाखवा. लाईट गेली तरी चालेल, पण कीबोर्डला इन्व्हर्टर लागतोच.

अन् २४ तारखेला रात्री साडेआठला, म्हणजे तिकडच्या दुपारी तीनला, बीबीसी रेडिओवर किंग्जची सर्विस लाइव्ह लागते, सगळ्या कॉयरनं ऐका, श्वास कुठं घेतात तिकडं लक्ष द्या.