४५ बिंदू, २७ रेषा: घनपृष्ठाची सममिती मोजताना या चुका टाळा

पुण्यात एमएस्सीच्या प्रोजेक्टला फायनाइट जॉमेट्री (मोजक्याच बिंदूंची भूमिती) घेणार असाल, तर सरावासाठी ४ घटकांच्या फील्डवर (जिथे प्रत्येक शून्येतर घटकाने भागता येतं) य³ + र³ + ल³ + व³ = ० हे पृष्ठ घ्या. उत्तरं पक्की आहेत: ४५ बिंदू, २७ रेषा. त्यामुळे चुकीचा आकडा आला, तर घोळ कुठे झाला हे तो आकडाच सांगतो.

बिंदू मोजताना ७२ आले? मग तुम्ही मॉड्युलो ४ हिशोब केलाय. तिथे २ × २ = ०, म्हणजे ते फील्डच नव्हे. शून्य सदिश वगळून ७१ उरतात आणि ७१ ला ३ ने भाग जात नाही. शंका तिथेच यायला हवी. घटक ०, १, अ, अ + १ घ्या आणि अ² = अ + १ ठेवा. सेज या गणिती सॉफ्टवेअरमध्ये इंटिजर्स(४) नको, जीएफ(४) हवं.

१३६ किंवा १३५ आले, तर बिंदूंऐवजी सदिश मोजले गेलेत; एकमेकांच्या पटीतले सदिश मिळून एकच बिंदू होतो. शून्य सदिश काढा, मग ३ ने भागा. हातानेही जमतं: शून्येतर घटकाचा घन १ च असतो, म्हणून शून्येतर निर्देशक दोन किंवा चारच हवेत. दोनचे १८ बिंदू, चारचे २७.

खरी गडबड सममितींपाशी, म्हणजे पृष्ठ स्वतःवरच नेणाऱ्या बदलांपाशी होते. चलांची अदलाबदल २४ प्रकारे, १ च्या घनमुळांनी गुणणं २७ प्रकारे, झाले ६४८. संमिश्र संख्यांवर हे बरोबर. इथे मात्र ४० पट कमी! इथे य² हा य चा संयुग्मी आहे, त्यामुळे य³ म्हणजे य गुणिले त्याचा संयुग्मी, आणि समीकरण हर्मिशियन (अशा गुणाकारांनी बनलेलं) होतं. प्रत्येक निर्देशकाच्या जागी उरलेल्या तिघांची बेरीज ठेवून पाहा: (१, अ, ०, ०) चा (अ, १, अ², अ²) होतो, आणि तोही पृष्ठावरच. कर्णावर ०, बाकी सगळीकडे १ अशी ही मॅट्रिक्स ६४८ च्या यादीत सापडणार नाही. पुण्यात १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापणाऱ्या श्रीराम अभ्यंकरांचं नाव ज्या धन कॅरेक्टरिस्टिकच्या (१ ठरावीक वेळा मिळवला की ० येतो अशा फील्डवरच्या) भूमितीशी जोडलेलं आहे, तिथे असे धक्के नेहमीचेच.

कसोटी अशी: ट्रान्सपोज गुणिले संयुग्मी बरोबर एकक मॅट्रिक्स. अशा ७७,७६० मॅट्रिक्स आहेत; अदिश गुणक ३, म्हणून सममिती २५,९२०. सगळे निर्देशक वर्ग करणारा फ्रोबेनियस धरला तर ५१,८४०. दोन्ही आकडे खरे आहेत, पण आपण रेषीय सममिती मोजतोय की कोलिनिएशन (रेषांना रेषांवरच नेणारे सगळे बदल, फ्रोबेनियससकट), हे आधी लिहून ठेवा.

गॅप या ग्रुपांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये या मॅट्रिक्सच्या ग्रुपचं नाव जीयू(४, २). जीयू(४, ४) लिहिलंत तर १६ घटकांच्या फील्डवर जाल. गॅपमधल्या ग्रुपचा फॉर्म (तो जपत असलेल्या समीकरणाची मॅट्रिक्स) एकक मॅट्रिक्सच असेल असं गृहीत धरू नका, गॅपलाच विचारून घ्या. गॅपच्या ऑनलाइन्स (OnLines) या फंक्शनला बिंदू देताना पहिला शून्येतर निर्देशक १ करा.

शेवटचा सापळा शंकुच्छेदाचा, म्हणजे याच फील्डवर प्रतलात काढलेल्या द्विघाती वक्राचा. य² = रल ची सममित मॅट्रिक्स लिहायला २ ने भागावं लागतं, आणि इथे २ म्हणजे ०. न भागता लिहिलीत तर डिटर्मिनंट शून्य येतो आणि वक्र सिंग्युलर (कुठेतरी टोक किंवा छेद असलेला) वाटतो. तो तसा नाही: पाचही स्पर्शिका (१, ०, ०) मधून जातात, पण हा बिंदू वक्रावर नाही. तो जोडून सहा बिंदू होतात, त्यातले कुठलेही तीन एका रेषेत नाहीत.