डोळ्यांतला रक्तप्रवाह सांभाळायचा तर दिवस कसा आखावा

पाऊस ओसरून आश्विनातलं आभाळ निळंशार झालं की एक गोष्ट करून बघा. सूर्याकडे पाठ करा आणि आभाळाच्या कोऱ्या निळ्या भागाकडे अर्धा-एक मिनिट शांतपणे बघत राहा. थोड्या वेळाने बारीक चकाकते ठिपके दिसू लागतील. वळणावळणाने धावतील आणि क्षणात नाहीसे होतील. नीट लक्ष दिलंत तर ते नाडीच्या ठेक्यावर पुढे सरकताना जाणवतात. त्या तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी, डोळ्याच्या पडद्यावरच्या केसाहून बारीक वाहिन्यांतून चाललेल्या. (डोळा हलवला की संथपणे तरंगत जाणारे काळपट धागे वेगळे, त्यांची गल्लत करू नका.) नजरेच्या अगदी मध्यावर मात्र एकही ठिपका येत नाही, कारण जिथून आपण सगळ्यात बारकाईने बघतो त्या इवल्याशा जागी रक्तवाहिनीच नसते.

वडिलांना काचबिंदू (दृष्टीची नस हळूहळू झिजवणारा आजार) निघाला तेव्हा डॉक्टरांनी हे आभाळाचं सांगितलं होतं. तेव्हापासून आमच्या घरातल्या बऱ्याच सवयी बदलल्या. त्या का आणि कशा बदलल्या, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी दोन दाब समजून घ्या

डोळ्याकडे रक्त येतं मानेतल्या मोठ्या धमनीच्या एका फांदीतून. पण डोळा हा आतून द्रवाने भरलेला, ताणलेला गोळा आहे. त्याचा स्वतःचा दाब असतो, साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा. रक्ताला या दाबाला रेटून आत शिरावं लागतं. शेतकऱ्याला हे पटकन कळेल: पंपाचा जोर कमी पडला किंवा समोरून रेटा वाढला, की शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही. डोळ्यात अशी टंचाई झाली तर तिचा फटका विशेषतः दृष्टीच्या नसेच्या मुळाला बसतो.

निरोगी वाहिन्या गरजेप्रमाणे रुंद-अरुंद होऊन हा तोल सांभाळतात. मधुमेह, जुना रक्तदाब, तंबाखू आणि वय यांनी त्यांची ही लवचीकता कमी होत जाते. म्हणून एकच सवय एकाला काहीही करत नाही आणि दुसऱ्याला महागात पडते. आपण यातले कोण, हे ओळखण्यापासून सुरुवात करायची.

पहिली पायरी: आपले आकडे माहीत करून घ्या

रक्तदाब, शुगर आणि डोळ्याचा दाब. पहिले दोन गल्लीतल्या दवाखान्यातही कळतात, तिसऱ्यासाठी नेत्रतज्ज्ञाकडे जावं लागतं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले, असं समजू नका. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा बघणं ही वेगळी तपासणी आहे. चाळिशीनंतर ती एकदा तरी करावी. मधुमेह असेल तर दरवर्षी, काहीही त्रास नसला तरीही. पडद्यावरच्या वाहिन्या झिरपायला लागल्या तरी बराच काळ नजर चांगलीच राहते, आणि तिथेच माणूस गाफील राहतो.

थेंब घातल्यावर किंचित चुरचुरतं. अर्ध्या तासात जवळचं पुसट होतं, ऊन डोळ्यांत घुसतं. म्हणून सोबत कुणीतरी घेऊन जा, गॉगल न्या, गाडी स्वतः चालवत परत येऊ नका.

शक्य असेल तर पडद्याचा फोटो स्क्रीनवर दाखवायला सांगा. नारिंगी-लाल वर्तुळ, त्यात एका बाजूला फिकट पिवळसर चकती आणि तिच्यातून वर-खाली फुटणाऱ्या फांद्या. फिकट आणि बारीक त्या धमन्या, गडद आणि जाड त्या शिरा. वडिलांच्या फोटोत एका जागी धमनी शिरेवरून जात होती आणि तिथे शीर चेपल्यासारखी दिसत होती. अनेक वर्षांच्या रक्तदाबाची ती खूण. १८५१ साली जर्मनीत हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्यात डोकावायचं उपकरण जगापुढे ठेवलं, तेव्हापासून कुठलीही चिरफाड न करता जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या बघता येतात. तो फोटो पाहिल्यावर वडिलांनी बीपीची गोळी कधी चुकवली नाही.

दुसरी पायरी: सकाळ बदला

उठल्याबरोबर तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. पाणी प्यावंच, पण काचबिंदू असलेल्याने ते एका दमात पिऊ नये. डोळ्याचा दाब किती चढतो हे पाहण्यासाठी नेत्रतज्ज्ञ जी जुनी चाचणी करतात, तिच्यात रुग्णाला पाच मिनिटांत सुमारे एक लिटर पाणी पाजतात. म्हणजे आपण रोज सकाळी तीच चाचणी स्वतःवर करत असतो. तेवढंच पाणी अर्ध्या-पाऊण तासात घोट घोट घ्या.

संडासला कुंथणं हाही तसाच प्रकार. श्वास कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो, डोक्याकडून परत येणारं रक्त तुंबतं आणि डोळ्याचा दाब चढतो. क्वचित पडद्यावरची बारीक वाहिनी फुटतेसुद्धा. बद्धकोष्ठ असेल तर त्यावर आधी उपाय करा: भाकरी, पालेभाजी, भिजवलेले काळे मनुके, दिवसभर पाणी.

आता शीर्षासन. वडील पंधरा वर्षं न चुकता करत होते, त्यामुळे हे सोडवणं सगळ्यात कठीण गेलं. चेन्नईतल्या नेत्रतज्ज्ञांनी २००६ साली नियमित योग करणाऱ्या ७५ जणांचे डोळे शीर्षासनात तपासले, तेव्हा दाब दुपटीपर्यंत गेलेला आढळला. निरोगी डोळा खाली आल्यावर सावरतो. पण ज्याची नस आधीच झिजली आहे, त्याने हा धोका घेऊ नये. सर्वांगासन, हलासन, विपरीत करणी अशा डोकं खाली जाणाऱ्या इतर आसनांनाही हेच लागू आहे. काचबिंदू असेल किंवा पडद्याला काही इजा असेल, तर योगशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगा. बसून आणि उभ्याने करायची आसनं पुष्कळ आहेत.

तिसरी पायरी: चाला

रोज अर्धा तास झपाझप चालण्याने डोळ्याचा दाब काही काळ उतरतो, रक्तदाब आणि शुगर दोन्ही आवाक्यात राहतात. एवढ्या स्वस्तात दोन्ही बाजूंनी फायदा देणारी दुसरी सवय मला माहीत नाही. जिममध्ये जात असाल तर वजन उचलताना श्वास सोडा, कोंडून धरू नका. घरातलं सिलिंडर, पाण्याचा पिंप किंवा धान्याचं पोतं हलवतानाही हे लक्षात असू द्या. टाय किंवा कॉलर गळ्याशी इतकी आवळू नका की बोट आत जाणार नाही. मानेतल्या शिरा दाबल्या गेल्या की डोळ्यातलं रक्त परतताना अडतं.

चौथी पायरी: तंबाखू, कुठल्याही रूपातली

निकोटीन वाहिन्या आकसतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागा अडवतो. म्हणजे रक्त कमी आणि जे येतं त्यात प्राणवायूही कमी. पडदा हा शरीरातल्या प्राणवायूच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक, त्यामुळे त्याचे हाल आधी होतात. उतारवयात नजरेचा मधला भाग निकामी करणारी पडद्याची झीज धूम्रपान करणाऱ्यांत दोन ते चार पट अधिक आढळते.

पण मला खरी काळजी वाटते ती मशेरीची. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखू बायका हिरड्यांना लावतात आणि दात घासणं म्हणून ती खपून जाते. डॉक्टरांनी ‘काही व्यसन?’ विचारलं की उत्तर येतं, ‘छे हो.’ मग कागदावर तशीच नोंद होते. हिरड्यांतूनही निकोटीन रक्तात उतरतं. घरातल्या आई-आजी-काकूंबरोबर डोळे दाखवायला जाल तेव्हा मशेरीचं नाव घेऊन सांगा. सोडायची असेल आणि एकट्याने जमत नसेल, तर १८००-११-२३५६ हा सरकारचा निःशुल्क क्रमांक आहे.

पाचवी पायरी: ताट

इथे फार करण्यासारखं नाही, पण आहे ते रोजचं आहे. पालक, माठ, शेपू, चाकवत, बीट यांत नायट्रेट असतं. शरीर त्यापासून वाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड बनवतं. पानांतलं ल्युटीन हे पिवळं रंगद्रव्य पडद्याच्या मध्यभागी साठतं. दिवसाआड तरी पालेभाजी व्हावी. बीपी असेल तर लोणचं, पापड, फरसाण आणि ताटात वरून घेतलेलं मीठ कमी करा. मधुमेहात शुगर आवाक्यात ठेवण्याला कुठलाच पर्याय नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले, तेव्हा काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्या गटात डोळे आणि मूत्रपिंडासारख्या ठिकाणच्या लहान वाहिन्यांचे विकार पाव हिश्शाने कमी दिसले.

चहा-कॉफीने पडद्यावरच्या वाहिन्या थोडा वेळ आकसतात. निरोगी माणसाने दोन-तीन कपांची चिंता करू नये.

सहावी पायरी: डोळ्यांना हात लावणं कमी करा

डोळे चोळताना बरं वाटतं, पण त्या क्षणी आतला दाब कितीतरी वाढतो. खाज सुटली तर स्वच्छ रुमाल गार पाण्यात भिजवून मिटलेल्या पापणीवर ठेवा, दाबू नका. रक्ताभिसरण वाढावं म्हणून डोळ्यांचा मसाज करायला कुणी सांगितलं तरी करू नका.

लाली घालवणारे थेंब वरच्या वाहिन्या आकसून डोळा पांढरा दाखवतात. रोज वापरले तर थांबवल्यावर लाली आणखी वाढून येते. स्टेरॉइडचे थेंब त्याहून घातक. मेडिकलमधून आणून मनाने महिनोन्महिने घातलेल्या अशा थेंबांनी डोळ्याचा दाब चढून कायमची नजर गेलेली माणसं आहेत. चिठ्ठीवर जेवढे दिवस लिहिलेत तेवढेच दिवस घाला आणि उरलेली बाटली फेकून द्या.

सातवी पायरी: रात्र

झोपेत रक्तदाब साधारण १० ते २० टक्के उतरतो. त्याच वेळी आडवं झाल्याने डोळ्याचा दाब थोडा चढतो. पंप मंदावलेला आणि समोरचा रेटा वाढलेला, अशी ही वेळ. काचबिंदूच्या रुग्णाने बीपीची गोळी झोपताना घेतली तर हा उतार आणखी खोल जाऊ शकतो. वडिलांची नस औषधाने दाब ताब्यात असूनही झिजत होती. नेत्रतज्ज्ञांनी गोळ्यांच्या वेळा विचारल्या, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून रात्रीची गोळी सकाळी नेली. तुम्ही मनाने वेळ बदलू नका. फक्त एवढं करा: सगळ्या गोळ्यांची नावं आणि घ्यायच्या वेळा एका कागदावर लिहा आणि तो दोन्ही डॉक्टरांना दाखवा. डोळ्याच्या डॉक्टरला बीपीची गोळी सांगायची असते, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

पालथं झोपून डोळा उशीत किंवा दंडावर दाबला जात असेल तर कूस बदला. आणि घोरणं ही गंमत समजू नका. घोरता घोरता श्वास थांबतो, मग माणूस दचकून श्वास घेतो, असं होत असेल तर रात्रभर रक्तातला प्राणवायू वर-खाली होत राहतो. याची तपासणी होते आणि उपचारही आहेत.

आणि ताबडतोब उठायचं केव्हा

एका डोळ्यासमोर पडदा सरकल्यासारखं होऊन दिसायचं बंद झालं, दुखत काहीच नाही, तर तो डोळ्यातला लकवा, म्हणजे पडद्याचा रक्तपुरवठा अचानक अडणं, असू शकतो. काही मिनिटांत नजर परत आली तरी तो मेंदूच्या झटक्याचा इशारा असू शकतो. झोपून बघू, सकाळी जाऊ, असं म्हणू नका. रक्त पूर्ण अडलेल्या पडद्याला वाचवायला हाताशी काही तासच असतात. जिथे पक्षाघातावर चोवीस तास उपचार होतात अशा रुग्णालयात न्या. निघण्यापूर्वी घड्याळ बघा आणि दिसायचं कधी थांबलं ती वेळ लिहून घ्या, कारण डॉक्टर पहिल्यांदा तीच विचारतील.