बाईंकडे शिफारसपत्र मागताना
सांस्कृतिक मंत्रालयाच्या तरुण कलाकारांसाठीच्या शिष्यवृत्तीला (वय १८ ते २५, दोन वर्षं, महिना ५००० रुपये) अर्ज करताना मला माझ्या गाण्याच्या बाईंचं पत्र हवं होतं. नऊ वर्षं त्यांच्यासमोर बसून गायले, तरी मागायला जीभ रेटेना.

तालमीच्या मध्ये विषय काढू नका. तानपुरे गवसणीत गेले, चहा आला, की मग. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नकोच. मुदतीच्या निदान तीन आठवडे आधी जा आणि पत्राआधी हे विचारा: "बाई, मी अर्ज करू का? तुम्हाला मी तयार वाटते का?" उत्तर "अजून वर्षभर थांब" असंही येऊ शकतं. ते ऐकायची तयारी ठेवूनच विचारा.

होकार मिळाला की अर्जाचा नमुना, शेवटची तारीख आणि एक कागद द्या: केव्हापासून शिकता, कोणते राग झाले, गांधर्व महाविद्यालय मंडळाची कोणती परीक्षा कधी दिली, कुठे गायलात. "गुणी व मेहनती विद्यार्थिनी" हे कुणालाही लागू पडतं. माझ्या बाईंनी लिहिलं, "विलंबित एकतालात ही घाई न करता समेवर येते." (म्हणजे संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालात, त्याच्या पहिल्या मात्रेवर.) हे फक्त त्याच लिहू शकत होत्या!

म्हणूनच स्वतः मजकूर लिहून नुसती सही मागू नका. त्यांना टाइप करणं जमत नसेल, तर त्या सांगतील तसं उतरवून घ्या आणि वाचून दाखवा.

निकाल लागला की पहिला फोन बाईंना, नाव यादीत नसलं तरीही.