आधी अंगमेहनत, मग सण: आवाज-स्पर्श न सोसणाऱ्या मुलांची दिवाळीची सुट्टी

दिवाळीची सुट्टी लागली की बहुतेक घरांत आनंद असतो. डबा नाही, गृहपाठ नाही, सकाळची पळापळ नाही. आमच्याकडे नेमकं तेच गेल्याने पंचाईत होते. लेक नऊ वर्षांची, ऑटिस्टिक. आवाज तिच्या कानाला फार लागतो, हलका स्पर्श झाला तर अंगावर पाल पडल्यासारखी दचकते, पण कुणी घट्ट दाबून धरलं, जड काही ओढायला दिलं, झोपाळ्यावर बसवलं की शांत होते. तुमच्या मुलाचं याच्या बरोबर उलट असू शकेल. काही मुलांना आवाज, धक्के, गोल फिरणं कमी पडतं म्हणून ती दिवसभर सोफ्यावरून उड्या मारतात. त्यामुळे सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात वहीत दोन रकाने करा. एकात ‘काय झालं की बिथरतो’, दुसऱ्यात ‘कशाने थाऱ्यावर येतो’. पुढचं सगळं त्या वहीवर ठरवायचं.

शाळा काय करते ते आपल्या लक्षात येत नाही. पाठीवर दप्तराचं वजन, दोन जिने चढणं, पीटीचा तास, मैदानावर पळापळ, आणि सगळं ठरलेल्या घंटेला. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून व्यायाम आणि उपाय सुचवणाऱ्या तज्ज्ञ) जीन एअर्स यांनी १९७०च्या दशकात संवेदनांच्या एकत्रीकरणाचा, म्हणजे निरनिराळ्या इंद्रियांकडून येणारे निरोप मेंदू कसे जुळवतो याचा, जो विचार मांडला, त्यात स्नायू आणि सांध्यांकडून मेंदूला मिळणाऱ्या निरोपाला मोठं स्थान आहे. हा निरोप पुरेसा मिळाला की अनेक मुलांना आवाज-उजेड-गर्दी थोडी जास्त वेळ सोसते. सुट्टीत हा खुराक बंद होतो आणि त्याच दिवसांत फटाके, पाहुणे, नवे कपडे येतात. म्हणून आमच्या घरचा नियम एकच: कसोटीचा प्रसंग यायच्या आधी अर्धा तास अंगमेहनत, प्रसंग संपल्यावर एकांत.

सुदैवाने दिवाळीइतकी अंगमेहनत दुसऱ्या कुठल्या सणात नाही. गाद्या गच्चीवर ओढत न्यायच्या, सतरंजी दोघींनी दोन टोकं धरून झटकायची, किराणा आणताना गुळाची ढेप तिच्या पिशवीत टाकायची. किल्ला तर या मुलांसाठीच असावा असं मला वाटतं. दगड-विटा वाहणं, पोत्यावर चिखल थापणं, अळीव पेरून रोज पाणी शिंपडणं. हात, पाठ, खांदे सगळे कामाला लागतात आणि रोज सकाळी उठून करायला एक ठरलेलं काम मिळतं. चिखलाचा किळस असेल तर हट्ट करू नका. त्याला दगड आणण्याचं आणि मावळे मांडण्याचं खातं द्या, चिखल भावंडं थापतील.

चकल्यांच्या दिवशी सोऱ्या फिरवायला द्या. घट्ट पीठ दाबताना दोन्ही दंडांना चांगलं काम पडतं. चकली कागदावर पाडायची आणि तळणीपासून मूल लांब ठेवायचं. मिक्सर लावायचा तेव्हा आधी सांगा, शक्य असेल तर बटण त्यालाच दाबू द्या. आपण सुरू केलेला आवाज अचानक आदळलेल्या आवाजापेक्षा कमी छळतो. तळणाच्या वासाने मळमळणारं मूल असेल तर त्या दुपारी बाबांनी त्याला बाहेर न्यावं. चकली, शंकरपाळे, भाजलेला पापड असं कुरकुरीत चावायला देणं हाही एक उपाय आहे. जबड्याला काम मिळालं की पुष्कळ मुलं निवळतात. मात्र जेवणात नवे पदार्थ शिकवायला ही सुट्टी वापरू नका. वरणभात खात असेल तर लक्ष्मीपूजनालाही वरणभात. गावी जाताना आम्ही घरचाच तांदूळ बांधून नेतो, कारण तिकडचा लाल भात ती तोंडात धरत नाही. सासूबाईंना आधी ते खटकलं, आता त्याच आठवणीने विचारतात, “तांदूळ घेतलास ना गं?”

अभ्यंगस्नान

यावर जरा थांबते, कारण पहाटे उठवणं, थंडी, तेल, खरखरीत उटणं, डोळ्यांसमोर निरांजन, बाहेर फटाके, असं सगळं त्या एका तासात ठासून भरलेलं असतं.

तेल अलगद चोळू नका. हलक्या स्पर्शाने गुदगुल्या आणि धास्ती दोन्ही वाढतात. पूर्ण तळवा टेकवून, खांद्यापासून मनगटापर्यंत, मांडीपासून घोट्यापर्यंत, एकाच दिशेने दाब देत या. दाब किती हवा ते त्यालाच विचारा. बोलत नसेल तर हात पुढे करतो की मागे घेतो ते बघा. उटणं वस्त्रगाळ करा, दुधात किंवा तेलात सैलसर कालवा आणि चार दिवस आधी कोपराजवळ लावून बघा. वास नको असेल तर साधं बेसन चालतं, तेही नको असेल तर नुसतं तेल. शक्यतो त्याचं त्याला लावू द्या. स्वतःचा हात परक्या हातापेक्षा सोसवतो. अंग पुसताना टॉवेल घासायचा नाही, त्यात घट्ट गुंडाळून दाबायचं. कारीट फोडायला मात्र नक्की द्या. अंगठ्याखाली काहीतरी फुटण्याची मजा आमच्या लेकीला इतकी आवडते की एकावर भागत नाही. आणि पहाट जमत नसेल तर आंघोळ आठ वाजता घाला. नरकासुर तोवर थांबतो.

ओवाळताना निरांजन चेहऱ्यापासून हातभर लांब. कुंकवाचं बोट कपाळाला नको असेल तर मनगटावर लावा.

नवे कपडे दोन-तीनदा धुऊन खळ काढा, मानेजवळचं लेबल उसवा (कात्रीने कापलं तर उरलेला काठ जास्त टोचतो), जरीच्या कुर्त्याखाली जुना मऊ बनियन घाला. सणाच्या आधी घरात तासभर घालून बघा. नाहीच जमलं तर जुना टी-शर्ट. फोटो कुणी अल्बममध्ये मोजत बसत नाही.

फटाके

आवाजाच्या फटाक्यांना रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली हे स्पष्ट केलं. फुटल्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारे फटाकेही नियमाबाहेर आहेत. पण नियमातला फटाकाही या मुलांना फार होतो, म्हणून कायद्याआधी शेजाऱ्यांशी बोला. मी सोसायटीच्या ग्रुपवर वसुबारसेच्या आधीच लिहिते: “आमच्या मुलीला मोठ्या आवाजाचा त्रास होतो. लक्ष्मीपूजनाला फटाके कधी आणि कुठल्या बाजूला लावणार ते कळवाल का? म्हणजे त्या वेळात आम्ही तिला आतल्या खोलीत ठेवू.” फटाके लावू नका म्हटलं की वाद होतो, वेळ विचारली की लोक आपणहून पार्किंगच्या पलीकडे जातात.

कान झाकायला कारखान्यात वापरतात ते इअरमफ घ्या, हार्डवेअरच्या किंवा सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात मिळतात. आवाज साधारण २० ते ३० डेसिबलने उतरतो. महागडे नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एसी किंवा गाडीच्या सलग घरघरीला चांगले, अचानक फुटणाऱ्या बॉम्बला तितके नाहीत. इअरमफची सवय सुट्टीआधी खेळता खेळता लावा आणि दिवसभर घालून ठेवू नका. कानांना शांततेची सवय झाली की साधे आवाजही मोठे वाटू लागतात. रस्त्यापासून सर्वांत लांबची खोली निवडा, खिडकीला जाड चादर लावा, पंखा जोरात ठेवा म्हणजे मागे एक सलग आवाज राहतो. पांघरायला जुनी जड गोधडी उत्तम. फक्त ती मुलाला स्वतः बाजूला सारता आली पाहिजे आणि तोंडावर कधीच यायला नको; अगदी लहानग्यांना वजनदार पांघरूण नकोच.

पाहुण्यांना सगळं समजावत बसू नका. प्रत्येक घरात एक जण समजून घेणारा असतो, त्याला हाताशी धरा. आमच्याकडे धाकटे दीर आहेत. गाल ओढायला कुणी पुढे झालं की ते म्हणतात, “काकू, ती लांबूनच नमस्कार करते, तोच आशीर्वाद द्या.” “लाडावून ठेवलंय” हे ऐकावं लागतंच. त्यावर उत्तर देण्यात शक्ती घालवू नये, ती संध्याकाळसाठी लागते.

गावी जाताना

आमचं सासर राजापूर तालुक्यात, म्हणजे कोकण रेल्वे आणि तिचे बोगदे. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. काळोख आणि दणदणाट पाचेक मिनिटं संपत नाही. एसी डब्यात काचा बंद असल्याने बराच फरक पडतो. स्लीपरमध्ये असाल तर उक्षी स्टेशन गेलं की खिडकी पाडा, इअरमफ चढवा, मुलाला कुशीत घट्ट धरा आणि टॉर्च त्याच्या हातात द्या. फलाटावर गर्दीत शिरण्याआधी आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात शिवलेली हवी. गावी पोचल्यावर पहिलं काम झोपाळा. पुढे-मागे संथ झोके शांत करतात, पीळ देऊन गरगर फिरवणं बहुतेकांना चेकाळवतं.

बिथरायची लक्षणं आधी दिसतात: कानावर हात, चवड्यांवर चालणं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा. तेव्हाच उठा, आरती अर्धी असली तरी. एकदा बांध फुटला की समजावणं, रागावणं, आमिष दाखवणं यातलं काही पोचत नाही. दिवा मंद, माणसं कमी, शब्द त्याहून कमी, आणि तुम्ही जवळ. स्वतःला मारून घेत असेल, खाणंपिणं सोडलं असेल किंवा झोप पार उडाली असेल तर सुट्टी संपायची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. थेरपीचं सेंटरही दिवाळीत बंद असतं, तेव्हा घरी करायचे व्यायाम ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंकडून आधीच लिहून घ्या.

दिवसाचा कणा म्हणून उठणं, जेवण, आंघोळ, संध्याकाळची फेरी आणि झोप या वेळा तशाच ठेवा. मधलं वाटेल तसं हलू दे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज काय आहे त्याचं चित्र चिकटवा: किल्ला, गाडी, आजी, शाळा. शाळा उघडायच्या चार दिवस आधीपासून अलार्म शाळेच्या वेळेचा. गणवेश नेहमीच्याच पावडरने धुवा, बूट घरात घालून फिरू द्या. सुट्टीत पाय वाढलेले असतात आणि पहिल्या सकाळी चावणारा बूट सगळंच बिघडवतो. आदल्या दिवशी वर्गाच्या बाईंना निरोप पाठवा, आणि पहिले दोन दिवस वह्यांचा गठ्ठा ऑफिसात पोचवायचं काम तिलाच द्या म्हणून सांगा.