कासाब्लांकात बोट लागली आणि पाऊस असेल तर

नोव्हेंबर ते मार्च या काळात मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर पाऊस कधीही गाठतो. अशा दिवशी समुद्रकाठचा फेरफटका सोडा आणि थेट हसन दुसरा मशीद गाठा. 1993 साली पूर्ण झालेल्या या मशिदीचं मुख्य दालन एका वेळी 25,000 माणसं मावतील एवढं आहे. पावसाळी दिवसाला याहून चांगलं छप्पर शहरात नाही! मुस्लिमेतरांना आत फक्त मार्गदर्शकासोबत, ठरलेल्या वेळी सोडतात. शुक्रवारी फेऱ्या कमी असतात, म्हणून वेळ आधी पाहून ठेवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बूट काढावे लागतात, त्यामुळे कोरड्या मोज्यांचा एक जोड सोबत ठेवाच. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा, कारण इथला वारा छत्री उलटी करतो.

शहरातल्या लाल, छोट्या टॅक्सीत (तिला ‘पेटी टॅक्सी’ म्हणतात) तीनच प्रवासी घेतात. चौघे असाल तर दोन कराव्या लागतील. मीटर टाकायला सांगा आणि सुटे दिरहम जवळ ठेवा. पावसात टॅक्सी पटकन मिळत नाही, तेव्हा बोटीवर परतायला नेहमीपेक्षा तासभर आधी निघा. वेळ उरलाच तर बंदराजवळच्या एखाद्या कॅफेत पुदिन्याचा चहा घ्या. साखर कमी हवी असेल तर आधीच सांगा.