न्यूयॉर्कचे पाच पूल आणि सतराचा पाढा

न्यूयॉर्क मॅरेथॉनच्या लॉटरीत नाव लागल्याचा मेल आला की पहिली धावपळ व्हिसाची आणि दुसरी बुटांची. व्हिसाची तारीख लगेच घ्या, ते काम लांबवून चालत नाही. बुटांचं नंतर बघू. त्याआधी न्यूयॉर्कचा रस्ता नीट समजून घ्या, कारण तो सपाट नाही. १९७६ पासून ही मॅरेथॉन शहराच्या पाचही भागांतून जाते: स्टेटन आयलंड, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉन्क्स, मॅनहॅटन. मधे पाणी आहे, म्हणून वाटेत पाच पूल लागतात. मी ती दोनदा धावले. पहिल्यांदा ५ तास १२ मिनिटं लागली, दुसऱ्यांदा ४ तास ५१. मधल्या काळात वेगासाठी वेगळं काही केलं नव्हतं. पूल कसे चढायचे आणि कसे उतरायचे, एवढंच शिकले होते.

शर्यत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी असते. तिथून अठरा आठवडे मागे गेलात की जूनची अखेर येते. म्हणजे सराव सुरू होतो ऐन पावसात आणि सगळ्यात लांब पल्ले पडतात ऑक्टोबरच्या उकाड्यात. पावसाला घाबरू नका. बुटांचे दोन जोड ठेवा, आल्याबरोबर ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, बोटांना आणि टाचांना व्हॅसलिन चोपडा, झालं. खरा त्रास दमटपणाचा आहे. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग गार होत नाही आणि नाडी चढत जाते. सप्टेंबरात पहाटे पाचला शिवाजी पार्कवरून निघाले तरी किलोमीटरला ७ मिनिटं ५० सेकंद लागायचे. पहिल्या वर्षी तो आकडा बघून मी स्वतःला रेटत राहिले आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत पार थकून गेले. दुसऱ्या वर्षी घड्याळावरचा वेग दिसणार नाही असं करून टाकलं आणि मोजमाप ठेवलं सतराच्या पाढ्याचं.

ते असं. धावताना पाढा मोठ्याने म्हणायचा. ‘सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस’ या दोन ओळी एका श्वासात निघाल्या तर तो निवांत वेग, लांब पल्ल्याचा. दर ओळीला श्वास घ्यावा लागला तर तो शर्यतीचा. ओळ मधेच तुटली तर हळू व्हा, मग घड्याळ काहीही म्हणो. बाराचा पाढा घेऊ नका, तो झोपेतही म्हणता येतो. सतराला थोडं लक्ष द्यावं लागतं, आणि दमलेल्या डोक्याला तेवढं काम बरं असतं. हे माप उकाड्यात, पावसात आणि थंडीत सारखंच लागू पडतं. न्यूयॉर्कला त्या दिवशी सकाळी आठ-दहा अंश तापमान सहज असतं. तिथे त्याच श्वासात माझा वेग किलोमीटरमागे मिनिटभराने सुधारला.

आता चढ. मुंबईत फ्लायओव्हरवर धावायला जाऊ नका. पहाटे गाड्या सुसाट असतात आणि कडेला उभं राहायलाही जागा नसते. पेडर रोड आहे, आणि त्याहून चांगला म्हणजे चौपाटीवरून वाळकेश्वरच्या रस्त्याने तीन बत्ती आणि तिथून वर हँगिंग गार्डनपर्यंतचा चढ. बहुतेक जण तिथे आठवड्यात एकदा ताज्या पायांनी जातात, चार-पाच वेळा जोरात चढतात आणि चालत उतरतात. मी म्हणते, उलटं करा. रविवारी आधी वरळी-हाजीअली करून वीसेक किलोमीटर पायांत घाला आणि मग त्या चढाला लागा. कारण न्यूयॉर्कचे पाचपैकी चार पूल अर्ध्या शर्यतीपासून पुढे येतात. चढताना पाढ्याचा श्वास बदलू द्यायचा नाही, पावलं छोटी ठेवायची. आणि उतरताना धावायचंच. मांड्या पिळवटून निघतात त्या उतारावर, चढावर नाही. उताराची सवय नसेल तर मॅनहॅटनमध्ये जिना उतरणंसुद्धा जड जातं.

सणांचंही आधीच ठरवा. अनंत चतुर्दशीच्या आसपास दादर-गिरगावच्या रस्त्यांवर लांब पल्ला होत नाही, तो दोन दिवस अलीकडे घ्या. दिवाळी बहुधा शेवटच्या हलक्या आठवड्यांत येते. फराळ खा, फक्त नवं काही पोटावर लादू नका.

पोटाचा विषय मात्र मोठा आहे. आपण साडेचार-पाचला धावणारी माणसं, नऊला घरी परत असतो. तिथे शेवटचे गट अकरा-साडेअकराला सुटतात, पण बोटीने स्टेटन आयलंडला जायला पहाटेच निघावं लागतं आणि शर्यत सुटते त्या फोर्ट वॉड्सवर्थला उघड्यावर तासन् तास बसावं लागतं. त्यात त्याच रात्री अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. झोप एक तास जास्त मिळते आणि भूकही एक तास आधी लागते. पहिल्या वर्षी मी पाचला ओट्स खाल्ले आणि अकराला रिकाम्या पोटी सुरुवातीच्या रेषेवर उभी राहिले. म्हणून ऑक्टोबरात दोन रविवार याचा सराव करा. पहाटे पाचला खा, आठला पुन्हा खा, दहाला निघा. त्या उन्हात फक्त सात-आठ किलोमीटर, झाडांच्या सावलीत, जवळ पाणी ठेवून. आपल्याला पोट तपासायचंय, पाय नाहीत. माझ्यासाठी पाचला मेतकूट-भात आणि आठला केळं, दोन खजूर हे बरोबर बसलं. मेतकुटाची पुडी मी इथूनच नेली.

पाण्याचाही हिशोब इथेच मांडा. लांब पल्ल्याआधी आणि नंतर वजन करा. ऑक्टोबरात दोन तासांत माझं पावणेदोन किलो वजन उतरायचं, म्हणून मी वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन पेले प्यायला शिकले होते. थंडीत तेवढा घाम जात नाही. तिथे तीच सवय चालवली तर पोट डचमळतं, आणि गरजेपेक्षा फार पाणी पिणं धोक्याचंही असतं. तहान लागेल तेवढंच प्या.

थंडीसाठी फॅशन स्ट्रीटवरून एक जाड स्वेटर आणि पायजमा घ्या आणि सुटायच्या आधी तिथेच सोडून द्या. ते कपडे गोळा करून दान केले जातात. बसायला जाड प्लास्टिक घ्या, जमीन ओली असते. जे न्याल ते आयोजकांच्या पारदर्शक पिशवीतूनच.

आता पूल, मैलांत, कारण खुणा मैलांत आहेत. मनगटावर पेनाने लिहून घ्या: १, १३, १५, २०, २१.

पहिला व्हेराझानो. पहिला मैल चढ, दुसरा उतार, आणि हाच अख्ख्या रस्त्यातला सगळ्यात उंच भाग. पाय ताजे असतात, हेलिकॉप्टर घिरट्या घालत असतात, चढ जाणवतच नाही. मी पहिल्या वर्षी इथेच शर्यत घालवली. पाढा जमला नाही तर चक्क बाजूला होऊन हळू व्हा.

तेराव्या मैलाला, बरोब्बर अर्ध्यावर, पुलास्की. छोटा आहे.

मग पंधरानंतर क्वीन्सबोरो. ब्रुकलिनभर लोक नावाने हाका मारत असतात (नाव शर्टावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहा) आणि इथे एकाएकी सगळं थांबतं. पुलाच्या खालच्या मजल्यावरून जायचं, डोक्यावर लोखंड, बघणारं कोणी नाही. घड्याळाचा सिग्नलही जातो. ऐकू येतात फक्त पावलं, हजारो, पावसाची सर पत्र्यावर यावी तशी, आणि शेजारच्याचा श्वास. पहिल्या वर्षी मांड्या आखडल्या आणि मी तो पूल जवळपास पूर्ण चालत काढला. दुसऱ्या वर्षी चढ सुरू होताच ‘सतरा एके’ धरलं, नजर समोरच्या माणसाच्या टाचांवर ठेवली. सहाव्यांदा पाढा म्हणत असताना उतार आला. खाली फर्स्ट अॅव्हेन्यूवर गर्दीचा आवाज अंगावर येतो. तिथे वेग वाढवू नका, निदान मैलभर तरी.

विलिस अॅव्हेन्यूचा पूल विसाव्याच्या तोंडाशी, मॅडिसन अॅव्हेन्यूचा एकविसाव्याला. दोन्ही लहान, पण तोवर पाय संपत आलेले असतात. पावलं छोटी, दर ओळीला श्वास. आणि पूल संपले म्हणून सुटलो समजू नका. तेविसाव्या मैलाला फिफ्थ अॅव्हेन्यू सेंट्रल पार्कच्या कडेने मैलभर चढत जाते, पूल नसलेला पूल. वाळकेश्वरचा थकलेल्या पायांचा सराव नेमका इथे कामाला येतो.

रेषा ओलांडल्यावर बसू नका. बाहेर पडायला बरंच चालावं लागतं, आणि घामाने भिजलेलं मुंबईचं अंग मिनिटांत कुडकुडायला लागतं. पोंचो (डोक्यावरून घ्यायचा सैल झगा) मिळाला की डोक्यावरून घट्ट ओढा, कोरडी टोपी कमरेच्या पट्ट्यात आधीच ठेवलेली असू द्या. घरी फोन करायचा तर तेव्हा आपण साडेदहा तास पुढे असतो. मी केला तेव्हा तिथे दुपारचे चार वाजले होते, दादरला रात्रीचे अडीच. आई जागीच होती. वेळ वगैरे काही नाही, तिने पहिलं विचारलं, ‘अगं, कान झाकलेस का?’